निळी पट्टी आणि गेरूचा ग्रह

जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ रोव्हर मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरला. त्याने सुरुवातीच्या दिवसांत पाठवलेल्या छायाचित्रांत त्याच्याच पाठीवर बसवलेली तळहाताएवढी चौकोनी पाटी होती. मधोमध एक खुंट, त्याभोवती करड्या छटांची वर्तुळं, आणि चार कोपऱ्यांत चार रंगांच्या पट्ट्या: तांबडी, हिरवी, पिवळी, निळी. पृथ्वी सोडण्यापूर्वी या पाटीचा प्रत्येक रंग प्रयोगशाळेत मोजून ठेवला होता. निळी पट्टी अगदी स्वच्छ निळी होती. मंगळावरून आलेल्या रंगीत चित्रात मात्र ती गुलाबी झाली होती.

घरबसल्या चित्रं पाहणाऱ्यांनी हे लगेच हेरलं आणि नासा मंगळाला मुद्दाम लाल रंग फासते, अशी कुजबुज सुरू झाली. निष्कर्ष चुकीचा होता, पण त्यामागची तपासणीची रीत अगदी योग्य होती. आपल्याकडे जाणत्या बायका दुकानातल्या दिव्याखाली साडीचा रंग ठरवत नाहीत. आवडलेली साडी दाराशी नेतात, पदर बाहेरच्या उजेडात धरतात, आणि शेजारी अंगावरच्या ओळखीच्या कापडाशी ताडून पाहतात. परक्या उजेडात ओळखीची वस्तू हाच आधार असतो. निळी पट्टी त्याचसाठी मंगळावर नेली होती. मग ती गुलाबी का झाली?

‘स्पिरिट’ आणि त्याचा जुळा भाऊ ‘ऑपर्च्युनिटी’ यांच्या मानेवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, ‘पॅनकॅम’ नावाची कॅमेऱ्यांची जोडी होती. आतल्या चकतीवर १०२४ गुणिले १०२४ ठिपके, आणि त्यातला प्रत्येक ठिपका रंगांधळा. किती प्रकाश पडला एवढंच तो मोजतो. तो प्रकाश कोणत्या रंगाचा, हे त्याला कळत नाही. म्हणून भिंगापुढे एक चाक बसवलेलं, त्यात आठ फिल्टर. चाक फिरवायचं, एका अरुंद पट्ट्यातला प्रकाश आत घ्यायचा, फोटो काढायचा, पुन्हा चाक फिरवायचं. डाव्या डोळ्यातले सहा फिल्टर ४३२, ४८२, ५३५, ६०१, ६७३ आणि ७५३ नॅनोमीटरच्या आसपासचे होते. उजव्यातले बहुतेक अवरक्त प्रकाशाचे. प्रत्येक चित्र करडं. रंगीत चित्र हवं असेल तर त्यातली तीन निवडायची, एकाला तांबडा, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला निळा मानायचं, आणि एकावर एक ठेवायची.

घोळ झाला तो या निवडीत. तांबड्याच्या जागी अनेकदा ७५३ नॅनोमीटरचं चित्र वापरलं जाई. माणसाच्या डोळ्याला ७०० च्या पुढे जवळजवळ काही दिसत नाही. पण लोहयुक्त खनिजं एकमेकांपासून वेगळी ओळखायला भूवैज्ञानिकांना तोच भाग लागतो, म्हणून तो फिल्टर सारखा वापरात होता. आणि पाटीवरच्या निळ्या पट्टीतलं रंगद्रव्य नेमकं तिथे, दृश्य तांबड्याच्या पलीकडे, प्रकाश जोरात परतवतं. आपल्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. ‘तांबड्या’त उजळ आणि निळ्यातही उजळ, म्हणजे गुलाबी. ७५३ काढून ६०१ ठेवला की पट्टी पुन्हा निळी होते. कोणी काही फासलेलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाला आपण दिसणाऱ्या प्रकाशाची जागा दिली होती.

मी पहिल्यांदा ही जुळणी स्वतः करून पाहिली तेव्हा याहून साधी ठेच लागली. तीन करडी चित्रं उतरवून घेतली, संगणकावर तीन थरांत भरली, आणि समोर आला तो मंगळ ओळखूच येईना. खडक राखाडी, आकाश निळसर, सातारा-पुण्याच्या माळावर डिसेंबरात दिसावं तसं. मन क्षणभर सुखावलं. कारण मात्र साधं होतं. घाईने सर्वांसमोर ठेवलेली ती चित्रं दिसायला सोपी व्हावीत म्हणून प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे ताणलेलं असतं: त्यातला सर्वांत काळोखा ठिपका काळा, सर्वांत उजळ ठिपका पांढरा. मंगळाच्या उजळ धुळीवर निळा प्रकाश पडला तर त्याचा जेमतेम दहावा हिस्सा परत येतो, तांबड्यात मात्र त्याच्या तिपटी-चौपटीने. तिन्ही चित्रं सारखीच ताणली की ही तफावत पुसली जाते, आणि मंगळाचा रंग म्हणजे ही तफावतच. राहतो तो सगळ्याची सरासरी करडी करून टाकलेला देखावा.

म्हणून खरं काम सुरू होतं ते चित्र न ताणता. प्रत्येक ठिपक्याची मोजणी घ्यायची. रोव्हरने १२ बिटांचा, म्हणजे ४०९६ पायऱ्यांचा आकडा ८ बिटांत, २५६ पायऱ्यांत दाबून पाठवलेला असेल तर तो आधी उलगडायचा. थंडी-उष्णतेनुसार चकतीत आपोआप साठणारा विद्युतभार वजा करायचा, कडेचे ठिपके मधल्यांपेक्षा मंद असतात ते सावरायचं, फिल्टर किती वेळ उघडा होता त्याने भागायचं. मग कळतं की त्या पट्ट्यात खडकाकडून प्रत्यक्षात किती प्रकाश आला. हे कष्टाचं, कंटाळवाणं काम आहे, आणि माझ्या मते ग्रहांच्या छायाचित्रणातलं सर्वांत कमी कौतुक झालेलं काम हेच.

पुढची पायरी मात्र सुंदर आहे, आणि तिथे त्या पाटीवरचा खुंट उपयोगी पडतो. खुंटाची सावली करड्या वर्तुळांवर पडते. वर्तुळाच्या उन्हातल्या भागावर सूर्याचा आणि आकाशाचा असा दोन्ही प्रकाश असतो. सावलीतल्या भागावर फक्त आकाशाचा. मंगळाचं आकाश धुळीने भरलेलं, त्यामुळे सावलीतला प्रकाश आपल्याकडच्यासारखा निळसर नसून तांबूस-पिवळा. एकाच वर्तुळाचे दोन तुकडे मोजले की सूर्याचा वाटा वेगळा आणि आकाशाचा वाटा वेगळा काढता येतो. ती पाटी म्हणजे सूर्यघड्याळही होती आणि तिच्यावर ‘दोन जग, एक सूर्य’ अशा अर्थाचे शब्द कोरले होते. त्या एका सूर्याचा उजेड दोन जगांत कसा वेगळा होतो, याचं मोजमाप त्याच शब्दांच्या शेजारी, बोटभर सावलीत चाललं होतं.

अडचण एकच, आणि ती रोज वाढणारी. पाटीवर धूळ बसते. काही आठवड्यांत करडा रंग करडा राहत नाही, आणि ज्याच्याशी ताडून पाहायचं तोच मळलेला. कोपनहेगनमधल्या संशोधकांनी पाटीवरच्या धुळीच्या थराचं गणित मांडून, खालचा मूळ रंग आणि वरची धूळ वेगळी काढायची पद्धत बसवली. २०१२ मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’च्या हातावरच्या कॅमेऱ्यासाठी जी पाटी आहे तिच्यावर १९०९ सालचं अमेरिकेचं एक तांब्याचं नाणं बसवलं आहे, भूवैज्ञानिक खडकाच्या फोटोत मापासाठी नाणं ठेवतात त्या परंपरेने. त्या नाण्याचे पुढच्या काळातले फोटो पाहावेत: लिंकनचा चेहरा तांबूस भुकटीखाली जातो. २०२१ च्या ‘पर्सिव्हिअरन्स’वर या दुखण्यावर उपाय केला आहे. मंगळाची धूळ चुंबकाला चिकटते, म्हणून मुख्य पाटीवरच्या आठ रंगीत-करड्या चकत्यांखाली कडीसारखी चुंबकं बसवली. धूळ कडीवर गोळा होते आणि मधला ठिपका बराचसा स्वच्छ राहतो.

सगळे आकडे मिळाल्यावरही ते माणसाच्या डोळ्याच्या भाषेत आणावे लागतात. डोळ्यात तीन प्रकारच्या रंगपेशी असतात आणि त्यांची संवेदनक्षमता एकमेकांत बरीच मिसळलेली असते. फिल्टरचे अरुंद पट्टे तसे नसतात. म्हणून निव्वळ तीन चित्रं चिकटवण्याऐवजी सहाही मोजणी वापरून प्रत्येक ठिपक्याचा अखंड वर्णपट अंदाजे आखतात, आणि १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ठरवलेल्या ‘प्रमाणित निरीक्षका’च्या वक्ररेषांतून तो गाळतात. त्यातून पडद्यासाठी रंग निघतो. या पायऱ्या पाळून बनवलेल्या चित्रालाही जिम बेल यांच्या पॅनकॅम गटाने ‘खरा रंग’ म्हटलं नाही. ते ‘अंदाजे खरा रंग’ असंच लिहीत राहिले. हा ‘अंदाजे’ शब्द मला मोलाचा वाटतो.

हे शहाणपण आलं ते १९७६ च्या एका फजितीनंतर. २० जुलै १९७६ ला ‘व्हायकिंग १’ मंगळाच्या क्रायसी मैदानात उतरलं. दुसऱ्या दिवशी पहिलं रंगीत चित्र दाखवलं गेलं, आणि त्यात आकाश निळसर होतं. ते यान आपल्यासारखा फोटो काढत नसे. हलणारा आरसा देखाव्याची एकेक उभी ओळ आत घेई, आणि निळा, हिरवा, तांबडा व तीन अवरक्त पट्ट्यांसाठी वेगवेगळे डायोड होते. पण ‘निळ्या’ डायोडला थोडं अवरक्तही दिसे, आणि तो गळका प्रकाश वजा केल्याशिवाय रंगाचं प्रमाण बरोबर येत नसे. शिवाय पहिल्या घाईत आकाश कसं असायला हवं याची मनातली कल्पना कामाला आली. लवकरच यानावरच्या रंगपाट्यांवरून तपासणी झाली आणि आकाश निळं नाही हे स्पष्ट झालं. मोहिमेतले शास्त्रज्ञ जेम्स पोलॅक यांनी हे सांगितलं तेव्हा जमलेल्या पत्रकारांतून निषेधाचे सूर निघाले. कार्ल सेगन यांनी हा प्रसंग पुढे लिहून ठेवला. मंगळ आपल्यासारखा असावा ही माणसाची ओढ त्यांना त्या आवाजात ऐकू आली. मी स्वतः तीन करड्या चित्रांवर सुखावलो होतो, तेव्हा मला ती ओढ परकी वाटत नाही.

मग १९९७ च्या ‘पाथफाइंडर’च्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक डोळ्यात बारा फिल्टर बसवले गेले, आणि जस्टिन माकी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्या जागेच्या रंगाचं मोजून केलेलं वर्णन प्रसिद्ध केलं: आकाश पिवळसर तपकिरी, माती त्याच कुळातली. टोमॅटोसारखा लाल मंगळ कुठेच नाही. तिथे उभ्या माणसाला बदामी आकाशाखाली, मळकट विटकरी जमिनीवर उभं असल्यासारखं वाटेल. आपल्याला तो रंग अनोळखीही नाही. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू, वारली चित्रांमागच्या कुडाच्या भिंतीला सारवतात तो गेरू, लोहाच्या ऑक्साइडचाच असतो. मंगळाची धूळही लोहाच्या ऑक्साइडांनीच तांबूस झाली आहे.

पण धूळ म्हणजे मंगळ नव्हे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ने यलोनाइफ बे इथे खडकात पहिलं भोक पाडलं, १.६ सेंटिमीटर रुंद आणि साडेसहा सेंटिमीटरच्या आत-बाहेर खोल. भोकाभोवती जी भुकटी साचली ती हिरवट करडी होती. चारी बाजूंना गेरू, आणि मधे नुकत्याच वाटलेल्या दगडासारखी राखाडी कडी. वरचा तांबूसपणा हा गंजाचा पातळ पदर आहे, आणि त्याच्या आत बसॉल्टातून घडलेल्या खडकाचा करडा गाभा. आपल्या दख्खनचा काळा पाषाणही बसॉल्टच, आणि बसॉल्टात झालेलं लोणारचं विवर मंगळाच्या विवरांशी ताडून पाहण्यासाठी अभ्यासलं गेलं ते त्याचमुळे.

इथे ‘खरा रंग’ या शब्दाचे दोन पदर सुटे करावे लागतात, आणि ते न केल्याने सर्वांत जास्त गैरसमज होतात. एक प्रश्न: मी तिथे उभा असतो तर मला काय दिसलं असतं? त्याचं उत्तर बदामी आकाश आणि तांबूस खडक. दुसरा प्रश्न: हा खडक मी पृथ्वीवरच्या उन्हात आणून ठेवला तर कसा दिसेल? धुळीच्या आकाशातून येणारा तांबूस उजेड गणिताने काढून टाकला की त्याचं उत्तर मिळतं. ‘क्युरिऑसिटी’ने काढलेल्या माउंट शार्प या डोंगराच्या अशा ‘शुभ्रसंतुलित’ चित्रात आकाश निळसर होतं, आणि मधूनमधून कोणीतरी ते चित्र ‘मंगळाचं निळं आकाश’ म्हणून पसरवतं. ते चित्र भूवैज्ञानिकासाठी आहे: पृथ्वीवरच्या खडकांवर तयार झालेला त्याचा डोळा तिथेही चालावा म्हणून. त्यातल्या आकाशाला काही अर्थ नाही.

माझं मत असं की दोन्ही चित्रं प्रामाणिक आहेत, चित्राखालची ओळ प्रामाणिक असेल तर. खाली ‘अंदाजे खरा रंग’ की ‘शुभ्रसंतुलित’ की ‘फॉल्स कलर’ हे लिहिलेलं असलंच पाहिजे. वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर चित्र पोचेपर्यंत ती ओळच सर्वांत आधी कापली जाते, आणि मग वाचक फसतो. ‘ऑपर्च्युनिटी’ने ईगल विवरात शोधलेले बारीक गोल खडे ‘ब्लूबेरी’ या नावाने प्रसिद्ध झाले. ते हेमॅटाइटचे आहेत आणि प्रत्यक्षात करडे आहेत. निळे दिसतात ते फॉल्स कलरमध्ये, जिथे खनिजांतला फरक उठून दिसावा म्हणून रंग मुद्दाम ताणलेले असतात. त्या खड्यांनी तिथे कधीकाळी पाणी होतं याचा मोठा पुरावा दिला, आणि तो पुरावा सापडायला हा ताणलेला रंग मदतीला आला. म्हणून फॉल्स कलरला मी खोटा रंग म्हणत नाही. पण मुलांच्या पुस्तकात निळ्या गोळ्या छापून खाली काही न लिहिणं मला पटत नाही.

शिवाय त्या जागेचा उजेड स्वतः बदलतो. १५ एप्रिल २०१५ ला गेल विवरातून ‘क्युरिऑसिटी’ने टिपलेल्या सूर्यास्तात सूर्याभोवतीचं आकाश खरोखर निळसर आहे. तिथल्या धुळीचे कण साधारण मायक्रोमीटरच्या मापाचे असल्याने निळा प्रकाश ते सूर्याच्या दिशेच्या आसपासच पुढे ढकलतात, आणि बाकी आकाशातला निळा गिळून टाकतात. म्हणजे दिवसा बदामी, मावळताना निळं. आपल्या नेमकं उलट. आणि २०१८ च्या ग्रहव्यापी धुळीच्या वादळात, ज्याने ‘ऑपर्च्युनिटी’ला कायमचं गप्प केलं, ‘क्युरिऑसिटी’ने मे आणि जूनमध्ये एकाच भोकाचे काढलेले फोटो शेजारी ठेवले तर दुसरा गडद तांबडा आहे. खडक तोच, भोक तेच. हिरवा-निळा उजेड जमिनीपर्यंत पोचतच नव्हता.

शुक्रावर तर हा भेद आणखी तीव्र. मार्च १९८२ मध्ये सोव्हिएत ‘व्हेनेरा १३’ आणि ‘व्हेनेरा १४’ यांनी तिथून रंगीत चित्रं पाठवली, सगळं नारिंगी. दाट वातावरणातून निळा प्रकाश खाली येतच नाही. १९८६ मध्ये कार्ले पीटर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पांढऱ्या उजेडात तीच जमीन करडी दिसेल. तिथे उभं राहून पाहता आलं असतं तर नारिंगीच दिसलं असतं, आणि तरी खडक नारिंगी नाहीत.

चंद्राला वातावरण नाही, म्हणून तिथे सोपं असायला हवं. पण डिसेंबर २०१३ मध्ये चीनच्या ‘युटू’ रोव्हर मोहिमेची पहिली चित्रं लालसर तपकिरी आली, आणि शुभ्रसंतुलन नीट झाल्यावर जमीन करडी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या चंद्रयान-३ चा ‘प्रज्ञान’ रोव्हर फिरला. त्याचे दिशादर्शक कॅमेरे कृष्णधवल. इस्रोने त्या दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतून तांबड्या-निळ्या चष्म्याने पाहायचं त्रिमितीय चित्र काढलं होतं. त्यातला तांबडा आणि निळसर रंग चंद्राचा नव्हे; डाव्या-उजव्या डोळ्यांसाठी दिलेली ती खूण होती. माझ्या ओळखीच्या एका शाळकरी मुलीने ते चित्र पाहून ‘चंद्रावर असं रंगीत असतं?’ असं विचारलं, आणि तिला खिडकीशी नेऊन चष्मा लावून ते पुन्हा दाखवायला मला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मला फार आवडला.

चंद्रावर प्रत्यक्ष माणसाचा डोळा पोचला तेव्हाही प्रश्न सुटलेला नव्हता. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या मोहिमेत भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांना शॉर्टी विवराच्या काठावर नारिंगी माती दिसली. त्यांच्या शिरस्त्राणावर सोन्याचा मुलामा दिलेली काच होती, म्हणजे डोळ्यांपुढे एक फिल्टरच. त्यांनी ती काच वर केली आणि पुन्हा पाहिलं. माती नारिंगीच होती. फोटोत माप आणि रंग कळावेत म्हणून अपोलोच्या अंतराळवीरांजवळ तीन पायांचं एक साधन असे, त्याच्यावर रंगपट्टी लावलेली. आणि माती पृथ्वीवर आली तेव्हा हातात धरून बघता आलं: सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या काचेचे बारीक नारिंगी मणी. डोळा, रंगपट्टी आणि हातातला नमुना, तिघांनीही एकच सांगितलं.

मंगळाच्या बाबतीत तिसरा साक्षीदार, हातातला नमुना, अजून आलेला नाही. ‘पर्सिव्हिअरन्स’ने २०२२ च्या डिसेंबरपासून २०२३ च्या जानेवारीपर्यंत जेझेरो विवरात ‘थ्री फोर्क्स’ नावाच्या सपाट जागी दहा नळ्या एकेक करून ठेवल्या. बहुतेकांत खडूएवढे खडकाचे गाभे आहेत. नळी बंद होण्यापूर्वी गाभा ड्रिलच्या तोंडाशी दिसत असताना रोव्हरच्या ‘मास्टकॅम-झेड’ कॅमेऱ्याने त्याची छायाचित्रं घेतली होती, पाठीवरच्या चुंबकी चकत्यांशी ताडून रंग लावता येतील अशी. ती छायाचित्रं कोणालाही उघडून पाहता येतात. गाभे बंद नळ्यांत, त्या बदामी आकाशाखाली, जिथे ठेवले तिथेच पडून आहेत.